ऋण फेडणे आणि ऋण सोडणे : मराठी ख्रिस्ती जीवनातील उपकार, क्षमा व पुनःस्वीकार

मराठीत उपकार हा फेडावयाचा असतो. ऋण फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात, त्याचप्रमाणे उपकारही फेडतात. ज्याच्याकडून तो फिटत नाही तो मिंधा. ज्याने तो फेडला तो उतराई. ‘आभार’ या शब्दात भार उघडच दिसतो आणि ‘उपकाराचे ओझे’, ‘उपकाराखाली दबणे’ हे वाक्प्रचार त्या भाराची ग्वाही देतात. संस्कृतातील ‘कृतज्ञ’ या शब्दाचा रोख निराळा आहे. केलेले जाणतो तो कृतज्ञ. त्यात जाणीव आहे, हिशेब नाही. बोलभाषेने मात्र ‘कृतज्ञ’ हा शब्द ग्रंथांकडे सोडला आणि आपल्यासाठी ‘ऋणी’ हा राखून ठेवला.

अशा भाषेत एक धर्म आला, की ज्याच्या रोजच्या प्रार्थनेत ऋण फेडण्याचे सामर्थ्य मागितलेले नाही, तर ते सोडून देण्याची विनंती केलेली आहे. मग त्या भाषेचे काय झाले? ख्रिस्ती मराठीचा विचार बहुधा दोन बाजूंनी होत आला: ख्रिस्तपुराणाच्या ओवीचे सौंदर्य ही एक बाजू आणि मिशनरी गद्यातील इंग्रजी वळण ही दुसरी. या दोहोंमधील जागा, म्हणजे मराठी ख्रिस्ती मनुष्य जेवावयास बसताना, भांडण मिटविताना, वाट चुकलेल्या माणसाला घरात परत घेताना कोणते शब्द वापरीत आला, ही त्या मानाने कमी धुंडाळली गेली आहे. वस्तुतः धर्मांतर भाषेत किती खोल गेले याची परीक्षा तेथेच होते. देवतेचे नाव एका दिवसात बदलता येते. देण्याघेण्याची क्रियापदे इतक्या सहजी बदलत नाहीत.

आरंभ गोव्यात झाला. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये मृत्यू पावेपर्यंत त्यांचे वास्तव्य बव्हंशी साष्टी भागात होते. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याची पुनर्मुद्रणे झाली. परंतु या तिन्ही मुद्रणांपैकी एकही प्रत आज हाती नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली आणि शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या आवृत्तीने ते देवनागरीत आले. ग्रंथाच्या प्रारंभीच नवख्रिस्ती लोकांची एक तक्रार येते. जुनी पुराणे बंद झाली, पण त्यांच्या ठिकाणी वाचावयास काही मिळाले नाही, असा तिचा आशय आहे. स्टीफन्स यांनी ही उणीव भरून काढताना केवळ ओवीच घेतली नाही. ‘कृपा’, ‘मुक्ती’, ‘वैकुंठ’ असे भक्तिमार्गातील शब्दही घेतले आणि त्या शब्दांबरोबर त्यांचे नातेसंबंधही आले. भक्तिमार्गातील देव हा मायबाप आहे. भक्ताचा अपराध त्याने ‘पोटात घालावा’ अशी अपेक्षा असते. म्हणजे गोव्यातील नवख्रिस्ती माणसाने क्षमेची कल्पना प्रथम ऐकली ती कुटुंबाच्या भाषेत, न्यायसभेच्या भाषेत नव्हे.

यानंतर तेरा वर्षांनी, १६२९ साली, फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुवा यांचे पीटर पुराण गोव्यात छापले गेले. प्रभूला तीनदा नाकारणारा आणि तरीही मंडळीचा आधार ठरलेला शिष्य हा त्याचा नायक. दुसऱ्या संधीच्या कथेला याहून समर्पक विषय शोधून सापडणार नाही. दुर्दैवाने ग्रंथाचा बराच भाग हिंदू दैवतांच्या खंडनात खर्ची पडला आहे, आणि ज्याला क्षमा मिळाली त्याची गोष्ट सांगताना लेखकाची स्वतःची लेखणी फारशी क्षमाशील राहिलेली नाही.

गोव्यातील रोजच्या धार्मिक व्यवहाराची शब्दसंपत्ती पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. संस्थांची नावे पोर्तुगीज राहिली. देऊळ ते ‘इगर्ज’, उपासना ती ‘मीस’, धर्मगुरूपुढे केलेले पापनिवेदन ते ‘कुमसार’. या निवेदनानंतर सांगितले जाणारे प्रायश्चित्त मात्र कोंकणीत ‘प्राचीत’ या तद्भव रूपाने वावरू लागले, आणि क्षमा करणे यासाठी ‘भोगसप’ हे देशी क्रियापद प्रार्थनेत कायम झाले. आजही कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनेत पातके ‘भोगसावीत’ अशी विनंती असते; तेथे ऋणाचा उल्लेख नाही. याचा अर्थ असा, की माणसाने जेथे जावयाचे त्या जागा परक्या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या; परंतु तेथे जाऊन मनात जे घडावयाचे त्याची नावे घरचीच राहिली.

आभारप्रदर्शनाच्या बाबतीत गोव्याने केलेली सोडवणूक तर विशेष लक्षणीय आहे. गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीत आभार मानावयाचे म्हणजे ‘देव बरें करूं’ असे म्हणावयाचे. देव तुमचे बरे करो. घाटावरच्या मराठीला हे वाक्य अपरिचित नाही. ‘देव तुझं भलं करो’ असे भिक्षेकरी आणि वृद्ध माणसे म्हणतातच. परंतु मराठीत हे शब्द ज्याला परतफेड करण्याचे सामर्थ्य नाही त्याच्या तोंडी शोभतात. सावकार कुळाला असे म्हणत नाही, आणि बरोबरीचा माणूस बरोबरीच्या माणसालाही सहसा म्हणत नाही. गोव्यात मात्र हीच भाषा भाटकार आणि मुंडकार, शेजारी आणि शेजारी, सर्वांच्या तोंडी आली. उपकार घेणारा येथे उतराई होण्याचे वचन देत नाही. आपल्याकडून हे फिटणार नाही, ते देवाकडे वर्ग केले आहे, एवढेच तो सांगतो. मिंधेपणा नाहीसा करण्याचा हा एक साधा भाषिक उपाय होय. या सूत्राच्या नित्य उच्चारामुळे भाटकाराचा रुबाब कमी झाला असे कोणी म्हणणार नाही. पण मुंडकाराला मान खाली न घालता आभार मानण्याचे एक वाक्य मिळाले, हे नाकारता येत नाही.

देशावरची कथा दोन शतकांनंतर सुरू होते आणि तिचा सूर अगदी भिन्न आहे. सेरामपूर येथे विल्यम केरी यांनी पंडित वैद्यनाथ यांच्या साहाय्याने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान व १८११ साली संपूर्ण नवा करार मराठीत काढला. परंतु मुंबईकडच्या वाचकाला ती भाषा परकी वाटली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले आणि त्यांच्या मिशनने १८२६ साली नव्या कराराचे मराठी भाषांतर पुरे केले. अहमदनगर येथे त्यांचे ठाणे १८३१ साली पडले आणि १८४२ साली तेथून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. या मंडळींना गोव्याच्या पूर्वसूरींचे ग्रंथ हाताशी नव्हते आणि असते तरी रोमन पंथाचा वारसा त्यांनी आनंदाने पत्करला नसता. त्यांनी शब्द घेतले ते दुसऱ्याच ठिकाणाहून.

ते ठिकाण म्हणजे कचेरी आणि पेढी. मराठी बायबलची परिभाषा या दृष्टीने चाळून पाहण्यासारखी आहे. ईश्वर आणि मनुष्य यांच्यामधील नाते हा ‘करार’. येशूने सांगितलेली बोधकथा हा ‘दाखला’. श्रद्धावंताचे निवेदन ही ‘साक्ष’. आणि उद्धार तो ‘तारण’. हा शेवटचा शब्द तर मोठा अर्थपूर्ण आहे. पार नेणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि भाषांतरकारांना तोच अभिप्रेत होता. परंतु ज्या शेतकऱ्याला व बलुतेदाराला हा शब्द ऐकवावयाचा, त्याने तो सावकाराच्या ओटीवर आधीच ऐकलेला होता. तेथे तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. घरातले पितळेचे भांडे तारण पडले असताना ‘तुमचे तारण झाले’ हे उपदेशकाचे वाक्य त्याच्या कानी कोणत्या अर्थाने पडले असेल, याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने अवश्य करावा.

याच परिभाषेचा कळस म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेतील क्षमेचे कलम. मत्तयाच्या मूळ ग्रीक पाठात येथे ‘ऋण’ या अर्थाचा शब्द आहे. लूकच्या पाठात ‘पाप’ या अर्थाचा. येशूच्या बोलण्यातील अरमाईक भाषेत एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालत असे, हे त्याचे कारण. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकाने येथे अपराधवाचक शब्द रूढ केला. स्कॉटलंडच्या परंपरेने ऋणवाचक शब्द राखला. मराठी मत्तयानेही ऋणच राखले, आणि क्रियापद योजले ते ‘सोडणे’. भाषेच्या दृष्टीने ही निवड परकी नव्हती. ऋग्वेदातील वरुणाच्या एका सूक्तात ऋण आणि आपण केलेले अपराध जवळजवळ येतात. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण हा ऋषी, देव आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्मतो असे म्हटले आहे. फरक आहे तो क्रियापदाचा. ऋषिऋण ब्रह्मचर्याने फेडावयाचे, देवऋण यज्ञाने, पितृऋण प्रजेने. तेथे कोणी ते सोडून देत नाही.

पेढीच्या व्यवहारात तरी सोडून देणे कितीसे होते? दामदुपटीचा नियम व्याजाला मुद्दलाइतकी मर्यादा घालीत असे, पण ऋण विसरत नसे. दप्तरी भाषेत ‘माफी’ होती, ‘सूट’ होती. ती सरकारच्या मर्जीने, सारा वसूल होण्याजोगा नसेल तेव्हा. इंग्रजी अंमलात सावकाराला दिवाणी कोर्टाचे पाठबळ मिळाले आणि कर्जरोखा हे कुळाच्या गळ्याभोवतीचे दोर ठरले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. पाठोपाठ अहमदनगर जिल्ह्यातही तोच प्रकार झाला. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, रोख्यांवर होता. कागद जाळले की ऋण जळते, अशी त्यांची समजूत. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हे त्या वणव्याचे फळ. हाच तो प्रदेश आणि हाच तो काळ, की जेथे १८७६–७८ च्या दुष्काळानंतर महार आणि मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती मंडळीत आली. दर रविवारी ही माणसे ऋण सोडण्याची प्रार्थना मोठ्याने म्हणत असत, आणि ती म्हणताना एक अटही उच्चारीत असत: आम्हीही आमच्या ऋणकोंना सोडले आहे. ज्याच्याकडे कोणाचेच काही येणे नाही, त्याने काय सोडावयाचे? मत्तयाच्या शुभवर्तमानातील निर्दय चाकराचा दाखला याच प्रश्नाचे उत्तर आहे. राजाने अफाट कर्ज सोडलेला चाकर बाहेर पडताच आपल्या जोडीदाराचा क्षुल्लक देण्यासाठी गळा धरतो. गरिबाजवळही सोडण्यासारखे काही असते, ते म्हणजे दुसऱ्या गरिबावरील हक्क.

ख्रिस्ती मराठीने जो शब्द सर्वांत खोलवर बदलला तो मात्र ‘ऋण’ नव्हे. तो ‘प्रायश्चित्त’ होय. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त घेणारा आणि त्याने शुद्ध होणारा एकच. मराठी बायबलमध्ये हा शब्द ख्रिस्ताच्या बलिदानासाठी योजला गेला, त्यामुळे त्याचा कर्ता बदलला. प्रायश्चित्त ख्रिस्ताचे, माणसाच्या वाट्याला ‘पश्चात्ताप’ उरला. गोव्याच्या कोंकणीत ‘प्राचीत’ माणसाकडेच राहिले होते, हे येथे आठवावे. एकाच शब्दाच्या दोन रूपांनी दोन ख्रिस्ती पंथांतील भेद असा अचूक टिपला आहे.

पुनःस्वीकाराचा प्रश्न हिंदू समाजात नव्हता असे कोणी समजू नये. नेताजी पालकरांना १६७६ साली शिवाजी महाराजांनी प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात परत घेतले, आणि देवलस्मृतीसारख्या ग्रंथात तर परधर्मीयांच्या हाती पडलेल्या स्त्रीपुरुषांच्या शुद्धीची तरतूदच आहे. पण तरतूद असणे आणि पंक्तीला पान मिळणे यांत अंतर होते. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनकडे बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपती याला न्यायालयाने आईबापांच्या स्वाधीन केले. हा मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला, जेवला. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर रण माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे असा पक्ष धरला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एकाच घरातील दोन भाऊ: एकाला नव्या समाजाने घेतले, दुसऱ्याला जुन्याने घ्यावे की नाही हे ठरेना. थोरला पुढे धर्मोपदेशक झाला आणि जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती खेडे त्याने वसविले. धाकट्याच्या बाजूने बोललेल्या बाळशास्त्रींचा १८४६ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी अंत झाला.

जातीतून वाळीत पडलेल्या माणसाला परत येण्याची किंमत पैशात मोजावी लागे. दंड, प्रायश्चित्ताचा खर्च आणि शेवटी जातभोजन; म्हणजे पुन्हा सावकार. ख्रिस्ती मंडळीतही अपराध्याला शिक्षा होतीच. दारू, मूर्तिपूजा, बालविवाह अशा कारणांवरून प्रभुभोजनास बसण्याची मनाई होत असे. प्रसंगी नाव कमी केले जाई. मात्र परत येण्यास जेवण घालावे लागत नसे. मंडळीपुढे उभे राहून कबुली देणे पुरे होते. बाहेरून पाहणाऱ्यास हा मार्ग स्वस्त वाटेल. ज्याने आपल्या गावात, आपल्या सोयऱ्यांसमोर उभे राहून एकदा अशी कबुली दिली असेल, त्याला कदाचित दंड भरणे परवडले असते. आणि मंडळीची माणसे शेवटी त्याच गावची. परत घेतलेल्या माणसाकडे वर्षानुवर्षे तिरप्या नजरेने पाहण्याची जुनी सवय त्यांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडली होती, असे मानण्याचे कारण नाही.

येथे मराठीतील एका वाक्प्रचाराकडे पुन्हा वळले पाहिजे. अपराध ‘पोटात घालणे’ हे क्षमेचे सर्वांत जिव्हाळ्याचे मराठी नाव. आई लेकराचा अपराध पोटात घालते, सासू क्वचित सुनेचा घालते, सून तर सर्वांचेच घालते. परंतु पोटात घातलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती आत राहते. कधी पचते, कधी सलते. ‘सोडणे’ या क्रियापदात उलट गती आहे. हातात असलेले बाहेर टाकावयाचे आणि हात मोकळा करावयाचा. मराठी ख्रिस्ती घरांत या दोन क्रियापदांची झुंज कशी चालली, याचे उत्तम साधन म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे.

नारायण वामन टिळकांचा लक्ष्मीबाईंशी विवाह १८८० साली झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. काही वर्षांनी अहमदनगरास पतीकडे आल्या, त्याही प्रथम सोवळे सांभाळून, चूल निराळी ठेवून. आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. स्मृतिचित्रे १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली, तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षे होऊन गेली होती. या ग्रंथातील टिळक हे संतचरित्रातील नायक नव्हेत. ते तापट आहेत, न सांगता घरातून निघून जातात, हाती आलेला पैसा वाटेत भेटेल त्याला देतात आणि घरात धान्य आहे की नाही याची चौकशी करीत नाहीत. सर्वांत मोठा घाव म्हणजे तो १८९५ चा. पत्नीला मागे ठेवून घेतलेला निर्णय.

या सर्वांबद्दल लक्ष्मीबाईंनी पतीला क्षमा केली, हे ग्रंथाच्या पानोपानी जाणवते. ‘क्षमा’ हा शब्द मात्र त्यासाठी फारसा लागत नाही. मराठी पतिव्रतेच्या रूढ आदर्शाप्रमाणे त्यांनी हे अपराध पोटात घातले असते, तर चरित्र निर्दोष झाले असते आणि वाचनीय झाले नसते. त्यांनी पोटातले ओठांवर आणले. प्रत्येक प्रसंग, त्यातील स्वतःच्या फजितीसह, त्यांनी हसत सांगितला. लपविलेला दोष क्षमेस पात्र होत नाही, केवळ सहन होतो. सांगितलेला दोष सोडता येतो. स्मृतिचित्रांतील विनोदाची वाहवा मराठी टीकेने पुष्कळ केली. तो विनोद हे क्षमेचे व्याकरण आहे, ही बाजू मात्र तितकी पुढे आली नाही. पुष्कळ टीकाकारांना त्यात ‘बाईंचा निरागसपणा’ दिसला. ज्या स्त्रीने पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर, सर्व ठाऊक असूनही, नवऱ्याला पुन्हा पत्करले, तिला निरागस म्हणणे हा तिच्या बुद्धीवर अन्याय आहे.

उपकाराकडे पुन्हा वळल्यास ख्रिस्ती मराठीतील एक शब्द पुढे येतो. तो म्हणजे ‘उपकारस्तुती’. ख्रिस्ती लेखनाबाहेर तो क्वचितच भेटतो. ‘धन्यवाद’ हा आज आभाराचा सर्वसाधारण शब्द झाला आहे. मराठी स्तोत्रसंहितेत परमेश्वराचा धन्यवाद करणे म्हणजे त्याचा गौरव करणे, आणि धन्यवादाचा हा जुना अर्थ तेथे जसाच्या तसा टिकून आहे. आभारासाठी म्हणून ‘उपकारस्तुती’. उपकार या पदापुढे मराठी कान ‘फेड’ या शब्दाची वाट पाहतो, आणि तेथे येते स्तुती. जो फेडीच्या पलीकडे आहे त्याला देण्यासारखे तेवढेच असते. वारकरी अभंगांतही संतांच्या उपकाराचे उतराई होता येत नाही ही भावना वारंवार येते. त्यामुळे हा जोड मराठी मनाला उपरा वाटला नाही.

व्यवहारात ही उपकारस्तुती जेवणाच्या पानावर सुरू होते. घास घेण्यापूर्वी डोळे मिटून देवाचे उपकार मानावयाचे. मराठी घरात रांधणाऱ्या स्त्रीचे आभार मानण्याची चाल नाही. आपल्या माणसाचे आभार मानणे म्हणजे त्याला परके करणे. ख्रिस्ती घरातही ती चाल सहसा पडली नाही. मात्र अन्नासाठी कोणाचे तरी आभार मानले पाहिजेत, एवढे दिवसातून दोनदा मोठ्याने म्हटले जाऊ लागले, आणि ते तिच्या कानावर पडू लागले. सुगीनंतरच्या उपासनेचा प्रकार अधिक रंगतदार. ज्वारी, बाजरी, भोपळे, अंडी, एखादे कोंबडे असे काहीबाही घेऊन लोक देवळात येतात. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. स्वतः आणलेला भोपळा माणूस बाजारभावाच्या दुप्पट बोली बोलून परत घरी नेतो आणि खूश होतो. सावकाराच्या दामदुपटीचे इतके निरुपद्रवी रूप अन्यत्र पाहावयास मिळणार नाही.

दुसऱ्या संधीच्या इतिहासात अखेर पंडिता रमाबाईंपाशी यावे लागते, कारण हा प्रश्न त्यांच्यापुढे शब्दांच्या आधी माणसांच्या रूपाने उभा राहिला. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनीसंघात राहत असताना त्यांना लंडनच्या फुलम भागातील संघाच्या घरी पाठविण्यात आले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे ठेवलेल्या होत्या. त्यांची शुश्रूषा होत होती, त्यांना काम शिकविले जात होते, आणि त्यांतील काही आता स्वतःच दुसऱ्यांची सेवा करीत होत्या. १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाईंनी या भेटीला आपल्या धर्मांतराच्या मार्गावरील निर्णायक स्थान दिले आहे. अशा स्त्रीला कुत्र्यांकडून मारवावे असे राजाला सांगणारे शास्त्र त्यांनी वाचलेले होते. येथे कोणी उलट का वागते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविण्यात आला. शोमरोनी स्त्री विहिरीवर येते आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो, तो हा अध्याय. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यांना स्मृतींतील सौम्य वचने ठाऊक नव्हती असे नव्हे. एवढी मोठी पंडिता ती विसरणार नाही. त्यांनी तुलना केली ती वचनाशी वचनाची नव्हे, वचनाशी घराची केली. आणि फुलमला त्यांनी जे पाहिले ते घर होते.

तसे घर त्यांनी पुढे केडगावला बांधले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींनी मुक्तिसदन भरले. त्याच आवारात फसविल्या गेलेल्या, टाकल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ निघाले. नावाची निवड पाहण्यासारखी आहे. ‘सुधारगृह’ म्हटले असते तर राहणारीचा दोष बोलला गेला असता, ‘अनाथगृह’ म्हटले असते तर तिचे दैन्य. ‘कृपा’ हा शब्द राहणारीविषयी काहीच सांगत नाही. तो देणाऱ्याविषयी सांगतो. स्टीफन्स यांनी भक्तिमार्गाकडून उचललेला तो शब्द तीन शतकांनी एका इमारतीचे नाव झाला, आणि तिच्यात अंथरूण, जेवण आणि शिकण्याजोगा धंदा मिळू लागला.

याच आवारात रमाबाईंनी बायबलचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील बाईला ते कळत नाही, हा त्यांचा आक्षेप. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छापखानाही मुक्तिसदनाचाच. खिळे जुळविणे, छापणे, फर्मे मोडणे ही कामे तेथील स्त्रिया शिकल्या. दुष्काळातून आलेल्या आणि घराने टाकलेल्या मुलींच्या हातून मजकुराची पाने तयार होत गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. भाषांतराचे काम त्यांनी पुरे करून ठेवले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.